बंदर गेले, गाव राहिले : पनवेलच्या बदलत्या रोजगाराचा इतिहास



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरातून एकच प्रश्न ऐकू येतो. "मुलाला असे काय शिकवावे, की पुढे पोटाची चिंता उरणार नाही?" मुलीच्या बाबतीतही आता हाच प्रश्न विचारला जातो, आणि ही समाधानाची बाब आहे. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवे असते. कोणी सांगतो आयटीआय, कोणी सांगतो कॉम्प्युटर, कोणी सांगतो पासपोर्ट काढून आखाताची वाट धरा. प्रत्येकाजवळ आपल्या नात्यातल्या एका यशस्वी मुलाचा दाखला असतो. दहा वर्षांनी त्या कामाचे काय होईल, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढचे सांगता येत नाही. मागचे मात्र पाहता येते. ज्या पनवेलमध्ये आपण राहतो, त्या गावावर कामधंद्याचे संकट एकदा नव्हे, अनेकदा आलेले आहे. ज्या धंद्यावर गाव उभे होते तोच धंदा निघून गेला, असे प्रसंग येथे घडले. तरी गाव ओस पडले नाही. त्या त्या वेळी लोकांनी काय केले, कोण तरले, कोण बुडाले आणि का, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे. इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी भाकरी कशी मिळवली, हाही इतिहासच आहे.

बंदराचे दिवस

आज पनवेल म्हटले की डोळ्यांसमोर रेल्वे स्टेशन, एसटीचा डेपो आणि महामार्ग येतो. पण मुळात पनवेल हे बंदर. सन १५७० च्या सुमारास येथून युरोपशी व्यापार चालत असल्याचा उल्लेख जुन्या गॅझेटिअरमध्ये सापडतो. पुढे मुंबई वाढली तसे पनवेलही वाढले. कारण साधे होते. मुंबई हे बेट, पुणे हे घाटावर, आणि या दोहोंच्या मधली खाडी जेथे संपते आणि जमिनीची वाट जेथे सुरू होते, ते ठिकाण पनवेल. मुंबईहून माणूस किंवा माल भरतीच्या पाण्याबरोबर होडीने पनवेलच्या धक्क्याला लागे, आणि तेथून बैलगाडीने, घोड्यावरून किंवा पालखीतून खोपोलीमार्गे बोरघाट चढून खंडाळा, आणि पुढे पुणे.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांना मुंबई-पुणे दळणवळण पक्के करावयाचे होते. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. बैलाच्या पाठीवरून जाणारा माल आता गाडीत भरून जाऊ लागला. देशावरचा कापूस, गूळ, धान्य खाली उतरे. कोकणचे मीठ, भात, मासळी आणि मुंबईचा विलायती माल वर चढे. या दोन प्रवाहांची गाठ पनवेलात पडत असे.

या एका गाठीवर किती कामे उभी होती याची कल्पना करा. पडाव आणि मचवे चालवणारे नाखवे व खलाशी, माल उतरवणारे हमाल, तोलणारे, वखारवाले, दलाल, गाडीवान, नाल ठोकणारे, चाके बनवणारे सुतार व लोहार, वैरण विकणारे, प्रवाशांना दोन घास घालणारे खाणावळवाले, टपाल नेणारे. पनवेलची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. महाराष्ट्रातील अगदी पहिल्या नगरपालिकांत तिची गणना होते. एवढ्या लवकर नगरपालिका मिळावी, इतके हे गाव तेव्हा महत्त्वाचे होते.

या कामकऱ्यांत कोकणी मुसलमान होते, कोळी, आगरी होते, ब्राह्मण, वाणी, पारशी होते, बेने इस्रायल होते. बंदर सगळ्यांचे पोट भरत होते. ते कधी बंद पडेल असे त्यांना वाटले असेल काय?

आगगाडीने वळसा घातला

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. १८५६ मध्ये कल्याणहून कर्जतमार्गे रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि मधला बोरघाट फोडण्याचे प्रचंड काम पुरे होऊन १८६३ साली मुंबईहून पुण्याला रुळांवरून सलग जाता येऊ लागले. या सगळ्या मार्गात पनवेल कोठेच नव्हते. आगगाडी पनवेलला वळसा घालून गेली.

वाचकहो, या तारखा मी मुद्दाम एकापुढे एक मांडल्या. पनवेलचा पुण्याशी होणारा व्यापार एका रात्रीत गेला नाही. पहिल्या गाडीपासून घाट खुला होईपर्यंत दहा वर्षे गेली. १८५६ साली खोपोलीला गाडी आली, तेव्हाच पनवेल-खोपोली या वाटेवरच्या गाडीवानाला पुढचे दिसू शकत होते. त्यानंतर सात वर्षे घाटातील वाहतूक अजून रस्त्यानेच होत होती. ही सात वर्षे म्हणजे काळाने दिलेली मुदत होती. ज्याने ती ओळखली त्याला तयारीला वेळ मिळाला, आणि ज्याने "आपल्या हयातीत काही होत नाही" म्हणून डोळे मिटले, त्याच्यापुढे प्रश्न अचानक उभा राहिला.

मग गाव टिकले कशावर? येथे एक मोठी बोलकी गोष्ट आहे. कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर वीस वर्षांनी. त्या काळात पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून नोंद आहे ती गाडीची चाके बनवण्याची.

चाकाचे काम दिसते तितके सोपे नाही. मधला तुंबा एका जातीच्या लाकडाचा हवा, आरे सरळ रेषांचे हवेत, पाटे एकमेकांत नीट बसले पाहिजेत, आणि वरची लोखंडी धाव तापवून, लाल असताना चढवून, पाणी ओतून आवळली पाहिजे. धाव जरा सैल राहिली तर चाक खडखडते, जास्त आवळली तर आरे वाकतात. घाट उतरताना गाडीच्या चाकांवर जो ताण पडतो त्यात कच्चे चाक टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घाट उतरून आलेल्या गाड्यांची चाके दुरुस्त करताना पनवेलच्या सुतार-लोहारांच्या हाताला ही परीक्षा झाली होती. पुण्याच्या माल-वाहतुकीतला मोठा भाग रेल्वेने नेला, पण चाक बनवण्याचे ज्ञान रेल्वेला नेता आले नाही. शेतकऱ्याला गाडी लागतच होती. उलट, आगगाडीच्या स्टेशनापर्यंत माल आणायलाही बैलगाडीच लागत होती.

धंदा निराळा आणि त्या धंद्यात हाताला व डोक्याला लागलेले कसब निराळे, हा फरक येथे स्पष्ट दिसतो. धंदा परिस्थितीच्या मालकीचा असतो. कसब ज्याचे त्याच्याजवळ राहते, मात्र नवे गिऱ्हाईक शोधण्याची तयारी हवी.

याच काळातले दुसरे उदाहरण आजही आपल्यासमोर आहे. १८७२ साली, म्हणजे घाटमार्ग खुला झाल्यावर नवव्या वर्षी, कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलला श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदिक औषधांची संस्था सुरू केली. वैद्याच्या घरी खलबत्त्यात होणारे काम त्यांनी कारखान्याच्या रूपात आणले. जुने ज्ञान, नवी पद्धत आणि दूरचे गिऱ्हाईक अशी ही सांगड होती. बंदराची भरभराट ओसरत असलेल्या गावात नवा उद्योग काढायला धाडस लागते. दीडशे वर्षांनंतरही त्या औषधांच्या बाटलीवर हे नाव वाचायला मिळते.

या सर्वांचा परिणाम असा, की १९०१ च्या जनगणनेतही पनवेलची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. गाव वाढले नाही, पण मोडलेही नाही. भात, मीठ, गवत, लाकूड यांचा मुंबईशी जलमार्गाचा व्यापार चालू राहिला. गावाने तेवढ्यावर आपला प्रपंच बेताने सावरला.

शिडापासून बॉयलरपर्यंत

आता थोडे आपल्या समाजाकडे वळू. कोकणी मुसलमान आणि समुद्र यांचे नाते किती जुने आहे हे आपली आडनावेच सांगतात. नाखवा, सारंग, टंडेल, मुकादम ही सगळी मुळात कामाची नावे. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी किंवा कप्तान, त्याचेच मराठीत नाखवा झाले. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, टंडेल त्याच्या हाताखालचा. आज सारंग आडनावाचा मुलगा बँकेत असतो आणि टंडेल आडनावाची मुलगी दवाखान्यात. काम बदलले, आडनाव तेवढे राहिले.

हे काम बदलण्याची पहिली मोठी लाट आली ती वाफेबरोबर. शिडाच्या गलबतावर ज्याची हयात गेली, त्याला वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ, खडक आणि वाळूचे दांडे तोंडपाठ असत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींचे राज्य पक्के झाले. आगबोटीला वाऱ्याची गरज नव्हती. शिडे आवळणाऱ्या हातांत आता कोळशाचे फावडे आले, कोणी सुकाणूवर गेला, कोणी भंडारी झाला. इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर कोकण किनाऱ्यावरचे खलाशी मोठ्या संख्येने भरती होत. पुढे जहाजे कोळशाऐवजी तेलावर चालू लागली आणि कोळसा झोकणाऱ्यांचे कामही संपले. त्यांच्या मुलांना इंजिनखोलीत टिकायचे तर तेलाचे इंजिन शिकणे भाग होते.

या नोकरीत कायमपणा नव्हता. एक सफर संपली की करार संपला. पुन्हा मुंबईला जाऊन रांगेत उभे राहायचे, मुकादमाची मर्जी राखायची, कधी सहा महिने बसून राहायचे. त्यातच दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवरील हजारो हिंदी खलाशी समुद्रात गेले. तेव्हा "पूर्वीच्या काळी सुखाची नोकरी होती, आता अनिश्चितता आली" असे जे आपण म्हणतो, ते आपल्या समाजाच्या बाबतीत तरी खरे नाही. आपल्या वाडवडिलांना अनिश्चितता नवी नव्हती.

त्यांनी ती सोसली कशी? खलाशाचे घर सहसा एका कमाईवर नसे. घरधनी जहाजावर, पण गावी भाताचे खाचर, चार आंब्या-नारळाची झाडे, दारात शेळ्या-कोंबड्या असत, आणि हा सगळा कारभार घरातील बाई पाहत असे. दोन सफरींमधली रिकामी वेळ या शेतावर निघे. आपण जहाजाच्या गोष्टी सांगतो, पण जहाज नसतानाच्या दिवसांत घर चालवणाऱ्या आजीची गोष्ट फारशी सांगत नाही. खरे पाहता घराचे सुकाणू तिच्या हाती होते.

ज्यांच्याजवळ पैसा होता, त्यांतील दूरदृष्टीच्या लोकांनी दुसरा मार्ग धरला. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांच्याबरोबर तिच्या संस्थापकांत नाखुदा महंमद अली रोगे यांचे नाव आहे. रोगे हे कोकणी मुसलमानांतील व्यापारी व जहाजमालक घराणे. नावाआधी 'नाखुदा' लावणाऱ्या गृहस्थांनी शाळा काढण्यास हातभार लावावा, यातला अर्थ आपण लक्षात घेतला पाहिजे. शिडाच्या जहाजांचे दिवस सरत आलेले असताना त्यांनी पुढच्या पिढीसाठी शाळेत भांडवल गुंतवले. १८८० मध्ये अंजुमनची पहिली शाळा सुरू झाली. आज आपल्या तालुक्या-जिल्ह्यातून ज्या शिक्षणसंस्था चालतात, त्यांची पूर्वपीठिका अशा प्रयत्नांत आहे.

शेजाऱ्यांपासून घेण्यासारखे

पनवेलमधील बेथ एल हे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. या लहानशा समाजाचा परंपरागत धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मुंबईची वाट धरली. मिशनच्या शाळांतून शिक्षण घेतले. पलटणीत, सुतारकामात, सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, शाळामास्तरकीत आणि पुढे डॉक्टरीतही ते गेले. घरी मराठी बोलत राहिले आणि कामासाठी इंग्रजी शिकले. यंत्राच्या गिरण्यांनी गावोगावचे घाणे बंद पाडले, तोपर्यंत त्यांची नवी पिढी घाण्यावर अवलंबून राहिलेली नव्हती.

संख्येने मूठभर असलेल्या समाजाला दुसरा आधार नव्हता म्हणून त्यांनी शिक्षण लवकर धरले, असे कोणी म्हणेल. असेलही. पण आधार नसणे हे शिक्षण टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, ते शिक्षण घेण्याचे कारण होऊ शकते, एवढे तरी या उदाहरणावरून दिसते.

जमिनीचा प्रश्न आणि दि. बा. पाटील

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पनवेलवर जी लाट आली ती पूर्वीच्या लाटांहून निराळी होती. पूर्वी काम निघून जात होते. आता पायाखालची जमीनच जाऊ लागली. नवी मुंबई वसवण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या योजनेत आल्या. भातशेती, मिठागरे, खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्यांपुढे प्रश्न पडला, की आता करायचे काय?

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. 'काळाप्रमाणे बदला' असा उपदेश सोपा असतो, आणि तो बहुधा ज्याचे काही जात नाही त्याच्या तोंडून येतो. मीठ पिकवणाऱ्या माणसाला मोबदल्याचा चेक देऊन "आता बदला" म्हणणे हा न्याय नव्हे. बदलण्यासाठी माणसाला वेळ, पैसा आणि शिक्षण या तीन गोष्टी लागतात. त्या मिळवण्यासाठी कधी कधी भांडावेही लागते.

ते भांडण पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांनी केले. त्यांचे नेते जासईचे दि. बा. पाटील, पनवेलला वकिली केलेले, आमदार व खासदार राहिलेले. जानेवारी १९८४ मध्ये न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घेण्याच्या विरोधात आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. बदल रोखता आला नाही. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालेच. परंतु त्या बदलात आपला वाटा किती, हे मात्र लोकांनी एकजुटीने बदलून घेतले. लवचिकपणा म्हणजे मान तुकवणे नव्हे, हे या भागातील माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोबदल्याचा पैसा अनेक घरांत आला आणि अनेक घरांतून तसाच गेला. गाडी, लग्न, बंगला यांत गेलेला पैसा परत आला नाही. ज्यांनी त्यातील काही भाग मुलांच्या शिक्षणात किंवा छोट्या व्यवसायात घातला, त्यांची घरे सावरली. जमीन एकदाच विकली जाते, हे तेव्हा समजायला हवे होते. आज विमानतळाच्या आसपासच्या गावांनाही ते तितकेच लागू आहे.

'कायम' नोकरी

आपल्या पालकांच्या मनात एका शब्दाला फार मान आहे. तो शब्द म्हणजे 'कायम'. जावई कायम आहे का, मुलगा कायम झाला का, ही चौकशी पहिली. या शब्दाकडे इतिहासाच्या उजेडात एकदा पाहू.

मुंबईची कापडगिरणी ही कोकणातील चाकरमान्याची पिढीजात नोकरी. बाप निवृत्त झाला की मुलगा साच्यावर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि असंख्य कामगारांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. त्याच सुमारास आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने आखाताकडे निघाले होते. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढल्याने तेथे काम आणि पगार दोन्ही होते. मोहल्ल्यांतून पक्की घरे उठली ती याच पैशावर. पण २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर स्वारी केली आणि तेथील सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना सर्व सोडून परत यावे लागले. एअर इंडियाने त्यांना विमानांनी आणले. पण नोकरी, सामान, थकलेला पगार विमानात बसत नाही.

आणखी जवळचे उदाहरण रसायनीचे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी १९६० साली स्थापन झाली. सरकारी कारखाना म्हणजे जन्माची निश्चिंती असे मानून आपल्या तालुक्यातील किती कुटुंबांनी त्यावर संसार मांडला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील प्रकल्प बंद करण्यास मंजुरी दिली. अग्निबाणांसाठी लागणारे रसायन बनवणारा एक विभाग तेवढा इस्रोकडे देण्याचे ठरले. आणि २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीने तर रिक्षावाल्यापासून विमान कंपनीतील नोकरदारापर्यंत सर्वांना एकाच दिवशी घरी बसवले.

हे सांगण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. सरकारी नोकरी मिळत असेल तर जरूर घ्यावी. परंतु नोकरी कायम आहे म्हणून शिकणे थांबवू नये. कारखाना बंद झाल्यावर ज्याच्याजवळ बॉयलर अटेंडंटचा परवाना होता, वायरमनचे प्रमाणपत्र होते, प्रयोगशाळेतील तपासणीचा अनुभव लेखी होता, त्याला तळोजा किंवा पाताळगंगेच्या कारखान्यात निदान अर्ज तरी करता येत होता. ज्याच्याजवळ केवळ हजेरीकार्ड होते, त्याची अडचण मोठी.

न्हावा-शेव्याच्या बंदरातही हेच दिसते. पूर्वी गोदीत गोणी पाठीवरून उतरत. कंटेनर आला आणि एक क्रेन काही मिनिटांत ती पेटी उचलू लागली. पाठीवरचे काम गेले. पण कंटेनरची दुरुस्ती, ट्रेलर चालवणे, कस्टमची कागदपत्रे, शीतगृह, मालाची नोंद ही नवी कामे आली. या नव्या कामांत आणि जुन्या कामांत एक महत्त्वाचा फरक आहे. जवळजवळ प्रत्येक नव्या कामात वाचावे आणि लिहावे लागते.

मग आपण काय करावे?

साडेचारशे वर्षांच्या या धावत्या आढाव्यातून काही गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे येतात.

पहिली, मुलाने कोणतेही काम शिकावे, पण ते मुळापासून शिकावे. चाक करणाऱ्याला लाकूड समजत होते, म्हणून तो टिकला. केवळ एका यंत्राचे बटण दाबायला शिकलेला मुलगा त्या यंत्राबरोबरच जुना होतो. गणित, विज्ञान आणि हाताचे कसब यांचा पाया पक्का असेल तर यंत्र बदलले तरी शिकता येते.

दुसरी, भाषा. आपल्या मुलांना घरची कोकणी बोली येते, उर्दू येते, शाळेत मराठी-इंग्रजी आहे. ही आपली फार मोठी पुंजी आहे. मात्र कोणतीच भाषा धड न येणे ही तितकीच मोठी अडचण. मराठीत अर्ज लिहिता यावा, इंग्रजीत मुलाखत देता यावी, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याने साधले पाहिजे. ज्या राज्यात राहायचे तेथील कचेरी, न्यायालय आणि बाजार यांची भाषा येणे हा हक्क मिळवण्याचा भाग आहे.

तिसरी, शिल्लक आणि दुसरी कमाई. घरातील सर्वांची भाकरी एकाच कंपनीवर, एकाच देशावर अवलंबून नसावी. खलाशाच्या घरातले भाताचे खाचर आठवा. आज खाचर राहिले नसेल, तर मुलीचे शिक्षण हे त्या खाचराच्या जागी आहे. शिकलेली, कमावती मुलगी असलेले घर संकटात लवकर सावरते. मुलीला दहावीनंतर घरी बसवणारे पालक आपल्याच घराचा एक खांब काढून ठेवतात, हे येथे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

चौथी, एकजूट. एकट्या माणसाने किती बदलावे याला मर्यादा असते. वर ज्यांची उदाहरणे दिली, त्यांच्यामागे कोठे कुटुंब होते, कोठे संस्था होती, कोठे संघटना होती. ज्या हमालाजवळ यातील काहीच नव्हते, त्याचे नाव गॅझेटिअरमध्येही नाही. तो कोठे गेला, त्याच्या मुलांचे काय झाले, हे आपल्याला कोणी लिहून ठेवले नाही. शिक्षणसंस्थेची शिष्यवृत्ती, पुस्तकपेढी, संध्याकाळचा अभ्यासवर्ग या गोष्टी लहान दिसतात. पण बाप एकाएकी घरी बसला तेव्हा मुलाची शाळा सुटू नये यासाठीच त्या असतात. ज्यांना देणे शक्य आहे त्यांनी द्यावे, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी संकोच न करता घ्यावे. आज घेणारा उद्या देणारा होतो.

पनवेल आज महानगरपालिकेचे शहर आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. होडीने खाडी ओलांडून येणाऱ्या मुंबईच्या प्रवाशाचे गाव पुन्हा एकदा जाण्या-येण्याच्या वाटेवर आले आहे. नवी कामे येतील. त्यांतील किती आपल्या मुलांना मिळतील हे शाळेच्या वर्गात ठरत आहे. आणि ही कामेही कायम राहणार नाहीत, हे ध्यानात ठेवूनच त्यांची तयारी करावी लागेल.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. येत्या सुटीत घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा. आजोबा, आजी, त्यांचे वडील, आपले आई-वडील, असे तीन-चार पिढ्यांतील प्रत्येकाचे काम वहीत लिहून काढा. ते काम त्यांनी कसे मिळवले, कधी सुटले, सुटल्यावर पहिल्या वर्षी घर कशावर चालले, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा आणि वही आपल्या इतिहासाच्या शिक्षकांना दाखवा. पन्नास घरांच्या अशा वह्या जमल्या तर पनवेलच्या रोजगाराचा असा इतिहास तयार होईल, जो अजून कोणत्याही गॅझेटिअरमध्ये छापलेला नाही. त्यात कदाचित त्या हमालाचेही नाव सापडेल.